संडास-बाथरूममधली भिंत पाडायची का ठेवायची? फ्लश आणि जंतूंच्या बाजूने बघितलं तर

जुन्या २ बीएचके फ्लॅटचं रिनोव्हेशन निघालं की हा प्रश्न येतोच, संडास वेगळा आणि बाथरूम वेगळी असं जे आहे ते तसंच ठेवायचं का मधली चार इंची भिंत पाडून एकच मोठं टॉयलेट-बाथरूम करायचं. इंटिरिअरवाले बहुतेक वेळा पाडा म्हणतात, मोठं दिसतं, काचेचं पार्टिशन बसतं, टाइल्स एकसारख्या लावता येतात. घरातली मोठी माणसं नको म्हणतात, पण त्यांचं म्हणणं जुन्या विचारांचं समजून बाजूला पडतं. मला वाटतं या बाबतीत त्यांचं ऐकायला हवं. घरात एकच संडास असेल आणि घरात सगळे धडधाकट असतील तर ती भिंत ठेवा. सकाळी चार माणसांची आंघोळ आणि संडास एकाच दारामागे अडकतं तो त्रास वेगळाच, पण मी मुख्यतः स्वच्छतेच्या बाजूने सांगतेय.

फ्लश दाबला की पाणी जोरात भांड्यात आपटतं, ढवळतं, बुडबुडे फुटतात आणि त्यातून थेंब उडतात. मोठे थेंब सीटवर आणि फरशीवर लगेच पडतात, बारीक थेंब डोळ्याला दिसत नाहीत आणि ते हवेत तरंगत राहतात. १९७५ साली अमेरिकेत चार्ल्स गर्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती कमोडमध्ये मुद्दाम बॅक्टेरिया आणि व्हायरस सोडून हे तपासलं होतं, तेव्हा दोन गोष्टी कळल्या, एक म्हणजे हे जंतू हवेतून जाऊन बाथरूममधल्या इतर पृष्ठभागांवर बसतात आणि दुसरी म्हणजे परत परत फ्लश केलं तरी काही जंतू भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात आणि पुढच्या प्रत्येक फ्लशला थोडे थोडे सुटत राहतात. म्हणजे भांडं पांढरंशुभ्र दिसतंय याचा अर्थ तिथं काही नाही असा होत नाही. मग २०२२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डरमधल्या इंजिनिअर लोकांनी हिरवा लेझर टाकून तो थेंबांचा लोट दिसेल असा केला, वेग सेकंदाला २ मीटरपर्यंत आणि ८ सेकंदांत कमोडच्या वर दीड मीटर, म्हणजे उभ्या माणसाचं नाक तोंड सगळं त्यात आलं. फक्त एक लक्षात ठेवा, तो कमोड सार्वजनिक टॉयलेटमधला, झाकण नसलेला आणि प्रेशरने फ्लश होणारा होता, आणि पाणीही स्वच्छ होतं. घरच्या टाकीच्या फ्लशचा जोर कमी असतो, पण थेंब तिथेही उडतातच.

आता एकत्र केलेल्या बाथरूममध्ये काय काय असतं ते आठवून बघा. टूथब्रशचा स्टँड, टंग क्लीनर, दाढीचं सामान, दांडीवर ओला टॉवेल, कोपऱ्यात भिजवलेले कपडे, आंघोळीचा मग आणि बादली, लहान मूल असेल तर त्याची पाण्यातली खेळणी. हे सगळं कमोडपासून तीन-चार फुटांवर. वेगळ्या संडासात असलं काहीच नसतं, तिथं थेंब बसले तर भिंतीवर, दारावर, कडीवर बसतात, तोंडात जाणारी वस्तू तिथं ठेवलेलीच नसते. रोजच्या रोज निरोगी माणसांच्या घरात याने कुणी आजारी पडेलच असं अजिबात नाही आणि घाबरून जाण्यासारखंही काही नाही. पण घरात एकाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या की चित्र बदलतं, कारण नोरोव्हायरससारखे व्हायरस अगदी थोडे पोटात गेले तरी पुरतात, आणि मग एकामागोमाग सगळं घर झोपतं. त्या तीन-चार दिवसांसाठी ती भिंत फार कामाची आहे.

वेगळ्या संडासाची एक बाजू मात्र खरंच वाईट आहे आणि तिकडे कुणी लक्ष देत नाही. हाताचा प्रवास बघा. डाव्या हाताने धुतलं, मग जेट परत अडकवला, फ्लश दाबला, आतली कडी काढली, बाहेर येऊन लाईटचं बटण बंद केलं, मग बाथरूमचं दार ढकललं आणि मग कुठे नळ उघडला, साबण घेतला. हात धुवायच्या आधी सात ठिकाणी हात लागला, आणि हात धुतल्यावर तोच नळ बंद करायला परत त्यालाच हात. हवेतल्या थेंबांपेक्षा पोटाचे आजार हातावाटे जास्त पसरतात, त्यामुळे भिंत ठेवून बेसिन लांब ठेवलं तर अर्धा फायदा गेला. भिंत ठेवणार असाल तर वाचलेल्या पैशातून संडासाच्या आतच एक छोटं कोपऱ्यातलं बेसिन बसवा, जागा नसेल तर दाराच्या अगदी शेजारी बाहेर. नळ गोल फिरवायचा नको, मनगटाने किंवा कोपराने ढकलता येईल असा लांब दांडीचा घ्या. आणि तिथं साबण हवाच, सॅनिटायझरवर भागवू नका, नोरोव्हायरसवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

भिंत पाडलेली बरी अशी घरंही आहेत. आजी-आजोबा वॉकर घेऊन चालत असतील, कुणाला धरून न्यावं लागत असेल तर तीन बाय चारच्या संडासात दोन माणसं उभीच राहू शकत नाहीत, पडण्याचा धोका जंतूंपेक्षा कितीतरी मोठा, तिथं एकत्र करा, भिंतीला दोन्ही बाजूंनी पकडायचे दांडे लावा आणि ओला भाग आणि सुका भाग वेगळा ठेवा. घरात दुसरा संडास असेल तरीही चालतं. फक्त ब्रश आणि टॉवेल बंद कपाटात किंवा सरळ बाहेरच्या बेसिनपाशी हलवा, आणि भिंतीला हात लावायच्या आधी सोसायटीची परवानगी आणि इंजिनिअरचं मत घ्या, खालच्या मजल्यावर गळती झाली की भांडणं वर्षानुवर्षं चालतात.

झाकण लावून फ्लश केलं की झालं, मग भिंत कशाला, असं बरेच जण म्हणतात. अर्धं खरं आहे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी २०१२ मध्ये क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब करणाऱ्या बॅक्टेरियावर प्रयोग केला होता, झाकण उघडं असताना हवेत तो बंद झाकणापेक्षा बारा पट जास्त सापडला. पण २०२४ मध्ये गर्बांच्याच गटाने व्हायरससाठी तपासलं तर झाकण लावल्याने आजूबाजूच्या पृष्ठभागांवरचं प्रमाण फारसं कमी झालं नाही, कारण सीट आणि झाकण यांच्यात फट असते, थेंब वर जायच्या ऐवजी बाजूने बाहेर पडतात. फरक कशाने पडला तर जंतुनाशक टाकून ब्रशने घासल्याने. म्हणून झाकण लावाच, फुकट आहे, पण त्याच्या भरवशावर टूथब्रश कमोडच्या वरच्या फळीवर ठेवू नका.

आता कमोड का इंडियन. इंडियनला झाकण नाही, पाणी उथळ असतं, वर लावलेल्या टाकीचं पाणी उंचावरून जोरात आलं की पायावर शिंतोडे येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. अंगाचा स्पर्श कुठेच होत नाही हा मुद्दा लोक त्याच्या बाजूने सांगतात, पण सीटला मांडी लागून आजार पसरणं ही तशी दुर्मिळ गोष्ट आहे, खरा प्रश्न फरशी आणि पावलांचा. इंडियन ठेवणार असाल तर संडासाच्या सपाता वेगळ्या आणि त्या तिथेच राहतील, स्वयंपाकघरात येणार नाहीत, एवढं पाळा. बादलीने पाणी टाकत असाल तर वरून ओतू नका, भांड्याच्या कडेला लावून सोडा. कमोडमध्ये रिमलेस मिळत असेल तर तो घ्या, कडेखाली जी पिवळी घाण साठते आणि ब्रश पोचत नाही ती जागाच त्यात नसते. आणि घरासाठी ड्युअल फ्लशची टाकी घ्या, लघवीला ३ लिटर आणि संडासला ६ लिटर, मॉलमध्ये असतो तसला प्रेशरवाला फ्लश व्हॉल्व्ह घरात लावायचं काहीच कारण नाही, पाणी जास्त आणि शिंतोडेही जास्त.

जेट आणि टमरेल यात मी जेटच्या बाजूने आहे, पण प्लंबर तो फुल प्रेशरवर सोडून जातात आणि मग पाणी आपटून सीटच्या खाली, मागच्या भिंतीवर, सगळीकडे उडतं. खालचा अँगल कॉक, म्हणजे जेटचं पाणी जिथून येतं तो भिंतीवरचा छोटा नळ, अर्धा बंद करा, लगेच फरक पडेल. जेटची मूठ आणि फ्लशचं बटण, या दोन गोष्टी संडास साफ करताना कुणी पुसतच नाही, त्या रोज पुसा.

भांड्यासाठी ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर कडेच्या खालून सोडायचं आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच ठेवायचं, टाकलं आणि लगेच फ्लश केलं तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही. आणि त्यावर ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीच टाकू नका, क्लोरीन वायू तयार होतो, लहानशा बंद संडासात तो फुप्फुसाला इजा करतो. कामवाल्या ताईंनाही हे नीट सांगा, दोन्ही बाटल्या शेजारी ठेवूच नका.

शेवटची गोष्ट न्हाणी ट्रॅपची, आणि ही भिंत ठेवा किंवा पाडा दोन्हीकडे लागू आहे. फरशीतल्या जाळीखाली जे पाणी साठून राहतं त्यानेच ड्रेनेजची हवा घरात येत नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ आली, तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली, तपासात निघालं की लोक बाथरूमची फरशी धूत नव्हते, नुसती पुसत होते, त्यामुळे ट्रॅप सुकले होते आणि एक्झॉस्ट फॅन लावला की पाइपमधली दूषित हवा आणि थेंब जाळीतून वर ओढले जात होते. हल्ली सुक्या बाथरूमची आवड वाढलीय, तिथं नेमकं हेच होतं, सुक्या भागातल्या जाळीत महिनोन्महिने पाणी जात नाही, मग वास येतो, झुरळं येतात आणि लोक फ्रेशनर मारतात. आठवड्यातून एकदा तिथं एक मग पाणी ओता, गावाला जाऊन आलात तर पंखा लावायच्या आधी ओता, आणि टाइल्स बसवायच्या आधी प्लंबरला ट्रॅप उघडून पाणी भरून दाखवायला सांगा.