संमतीची नोंद ठेवणारी सेवा : आठ महिन्यांचा वापर आणि साडेपाच तासांची चूक

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात आमचे सहा खोल्यांचे गेस्ट हाऊस आहे आणि आरक्षण आमच्याच संकेतस्थळावर होते. अटींची कोणती आवृत्ती कोणी, केव्हा मान्य केली याची नोंद ठेवणारी एक ऑनलाइन सेवा मी ऑगस्टपासून महिना १,२०० रुपये भरून वापरतो आहे. सुरुवातीला हा खर्च जड वाटला, कारण पूर्वी जुनी फाइल पुसून नवी चढवली की माझ्या लेखी काम संपत असे.

१ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून आम्ही नाताळच्या आठवड्यापुरती अट बदलली आणि पूर्ण परतावा हवा असल्यास रद्द करण्याची मुदत मुक्कामाच्या सात दिवस आधीऐवजी पंधरा दिवस आधी अशी केली. त्याच रात्री बारा चाळीसला पुण्याच्या एका गृहस्थांनी खोली घेतली आणि पुढे मुक्कामाच्या दहा दिवस आधी रद्द केली. मी निम्मी रक्कम परत मिळेल असे कळवून सेवेतून काढलेले संमतीचे प्रमाणपत्र जोडले. त्यांचे उत्तर आले, ‘‘अहो, तुमच्याच कागदावर ३० नोव्हेंबर, १९:१० असे लिहिले आहे.’’

खरेच तसे होते. सेवा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ छापते. ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते आणि ही वेळ कोणती, याचा प्रमाणपत्रावर कुठेही उल्लेख नाही. साठवताना यूटीसी वापरणे योग्यच आहे, परंतु भारतातल्या ग्राहकाच्या हाती द्यायच्या कागदावर भारतीय वेळ छापायला काय हरकत आहे? मी तीन ईमेल पाठवले. तिन्ही वेळा ‘प्रणालीची वेळ बदलता येत नाही’ एवढेच उत्तर आले.

सेवा बंद करायच्या विचाराने मी संपूर्ण नोंदवही उतरवून घेतली आणि तिथे माझे मत बरेच बदलले. त्या गृहस्थांच्या ओळीत आवृत्ती ४, भाषा मराठी आणि मजकुराचा शा-२५६ या गणिती पद्धतीने काढलेला ६४ अक्षरी ठसा, म्हणजे त्या मजकुराची ओळख पटवणारा संकेत होता. माझ्याकडच्या नव्या अटींच्या फाइलचा ठसा काढून पाहिला, तो शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. एक स्वल्पविराम जरी हलला असता तरी ठसा वेगळा आला असता, म्हणजे त्यांच्यासमोर नवीच अट होती हे निर्विवाद. हीच माहिती प्रमाणपत्रावर असती तर वादच झाला नसता.

अटींची मान्यता आणि वैयक्तिक माहिती वापरण्याची संमती यांच्या चौकटी ही सेवा वेगळ्या ठेवते, हे मला फार मोलाचे वाटते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती दिली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावर आहे, आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा अशी तरतूद आहे. कोकणी आणि मराठी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. या सेवेत एकाच आवृत्तीखाली दोन्ही भाषांतले मजकूर ठेवता येतात.

त्या गृहस्थांना मी उरलेले ८,४०० रुपयेही परत केले, कारण आमच्या नावाने गेलेला कागद त्यांच्या बाजूने बोलत होता. सात महिन्यांची वर्गणी एका तारखेपायी गेली. आता प्रत्येक प्रमाणपत्राखाली मी भारतीय वेळ आणि आवृत्ती क्रमांक हाताने लिहितो. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर दोन महिन्यांचे पैसे वाचतात, तरी ही वेळ दुरुस्त होईपर्यंत मी महिन्याचीच भरणार आहे.