अबू धाबीच्या गेटवर आमची कोल्डप्लेची चारही तिकिटं खोटी निघाली. १,०३,२०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधी आकडा सांगते. ७८,००० तिकिटांचे, ११,००० "नाव बदलायचे" आणि १४,२०० चक्क स्टेडियमच्या गेटवर उभं राहून भरलेले. एकूण १,०३,२००. विमान, व्हिसा, हॉटेल धरलं तर चौघांचे मिळून अजून १,६३,०५० घातले, पण ते निदान ज्याला दिले त्याने काम तरी केलं. सगळे पैसे माझ्या खात्यातून गेलेत, तिघांनी माझ्यावर विश्वास ठेवून माझ्याकडे दिले होते, म्हणून मला हे लिहिताना अजून हात थरथरतात.

कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड आम्ही बडोद्याला युनिव्हर्सिटीत असल्यापासून ऐकतोय. कॉमर्सला होतो, सयाजीगंजच्या एका सीडीच्या दुकानातून कॉपी करून आणायचो. २०१६ च्या नोव्हेंबरात ते मुंबईत बीकेसीला आले तेव्हा जायचं पक्कं होतं, पण ११ दिवस आधी नोटबंदी झाली आणि घरात सासऱ्यांच्या ऑपरेशनचे पैसे उभे करायचे सोडून मी गाणी ऐकायला कशी जाणार. तेव्हाच ठरवलं होतं की परत आले तर काहीही होवो जायचंच. मग २०२४ च्या २२ सप्टेंबरला मुंबईची तिकिटं निघाली, आम्ही चौघं चार फोन आणि दोन लॅपटॉप घेऊन दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बसलो, माझ्यापुढे ऑनलाइन रांगेत सात लाखांवर माणसं. हाती काही लागलं नाही. जिने कधी त्या रांगेत दुपार काढली असेल तिला सांगायला नको, त्या दिवसानंतर माणूस कसा होतो ते.

म्हणून अबू धाबी. झायेद स्पोर्ट्स सिटीला ९, ११, १२ आणि १४ जानेवारी असे चार शो होते, आम्ही ११ चा शनिवार धरला म्हणजे १३ ला परत आणि उत्तरायणाला गच्चीवर. तिथलीही तिकिटं संपली होती आणि फॅन लोकांच्या एका ग्रुपवर हा माणूस भेटला. नाव सांगत नाही कारण ते नाव त्याचं नाहीच. मला उगीच कोणी "कुठल्याही अनोळखी माणसाला पैसे दिलेस" म्हणू नका. तीन आठवडे बोलत होतो आम्ही. त्याने व्हिडिओ कॉल केला, आधार कार्डाचा फोटो पाठवला, त्या बॅंडच्या टूरबद्दल मला माहीत नव्हतं तेवढं त्याला माहीत होतं, २०२२ ला कोस्टा रिकाला टूर सुरू झाली तिथपासूनचं, हातात बांधायचे दिव्यांचे पट्टे परत घेतात हेसुद्धा. ग्रुपवर दोघीजणींनी "याच्याकडून मिळाली, माणूस खरा आहे" असं लिहिलं. आज कळतं की त्या दोघी पण त्याच्याच असणार.

आता तो क्षण, जो मला रोज रात्री आठवतो.

१० ऑक्टोबर, अष्टमीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. नवरात्रात बडोद्यात रात्री काय असतं ते बडोदेकरांना सांगायला नको. आम्ही गरब्याच्या मैदानात, ढोल चालू, मी चणिया-चोळीत, फोन हातात. त्याचा मेसेज, "दीदी, दस मिनट में दूसरा ग्रुप ले लेगा, १९,५०० का रेट अब नहीं मिलेगा." मी बाजूला झाले, क्यूआर स्कॅन केला, ७८,००० टाकले. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर खात्याचं नाव येतं ना, ते नाव त्याचं नव्हतं. कुठल्यातरी ट्रेडर्सचं होतं. शेजारी नवरा उभा होता, तो म्हणाला, "अगं नाव वेगळं दिसतंय बघ." आणि मी त्याला म्हटलं, "त्याचं बिझनेस अकाउंट असेल, तू मध्ये बोलू नकोस, दहा मिनिटं आहेत." दोन सेकंद. दोन सेकंद थांबले असते आणि त्याला फोन करून विचारलं असतं तर तो तिथेच अडकला असता. मी माझ्या नवऱ्याला गप्प केलं आणि चोराला पैसे दिले.

यूपीआयवर जे नाव दिसतं ते वाचा. वेगळं असेल तर पैसे पाठवायचे नाहीत, मग समोरचा काहीही सांगो.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यासमोर तीन महिने होती. त्याने चार पीडीएफ पाठवली, आम्ही स्टँडिंगची तिकिटं घेतली होती. उभं राहायची जागा. आणि पीडीएफवर रो १४, सीट २२, २३, २४, २५ छापलेलं. उभं राहायच्या तिकिटाला खुर्चीचा नंबर कशाला असेल? चौघांनी ती पीडीएफ शंभरदा उघडली, स्टेटसला ठेवली, प्रिंट काढून फोल्डरमध्ये घातली, आणि चौघांपैकी एकालाही हे दिसलं नाही. आनंदात माणसाला अक्षरं दिसत नाहीत. (स्टेटसला क्यूआर ठेवणं हा अजून एक मूर्खपणा, खरं तिकीट असलं तरी कोणीही त्याचा फोटो काढून आधी आत जाऊ शकतो.)

आणि मध्ये नोव्हेंबरात अहमदाबादचा शो जाहीर झाला. २५ जानेवारी, मग २६ पण. आमच्या घरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, एक्स्प्रेसवेने दोन तासात स्टेडियम. मैत्रीण म्हणाली ट्राय करू या का, मीच म्हटलं कशाला, आपली अबू धाबीची आहेत ना, ज्यांना मिळालं नाही त्यांना घेऊ देत. हे वाक्य मी बोलले आहे.

३ जानेवारीला त्याने ११,००० मागितले, तिकिटं आमच्या नावावर करायचा चार्ज, माणशी २,७५०. विमानाची तिकिटं हातात असताना माणूस नाही म्हणत नाही आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच आठवडाभर आधी मागतात.

गेटवर काय झालं ते थोडक्यात. पहिला स्कॅन लाल. दुसरा लाल. चारही लाल. तिथली मुलगी सभ्यपणे म्हणाली की हा कोड आधीच वापरला गेलाय, बाजूला व्हा. मी त्याला मेसेज केला आणि ऐका, त्याने लगेच उत्तर दिलं. "सिस्टम एरर है दीदी, गेट पर मेरा आदमी है, १४,२०० भेजो, वो अंदर करवा देगा, बाद में रिफंड." आणि मी भरले. आतून टेस्टिंगचा आवाज येत होता, माझ्या दोन मैत्रिणी रडत होत्या, मी पैसे वाचवायचे की शो, एवढंच डोक्यात होतं. दहा मिनिटांनी त्याने ब्लॉक केलं. आम्ही रस्त्याच्या कडेला बसून पूर्ण शो बाहेरून ऐकला. वरती आकाशात उजेड दिसायचा आणि हजारो लोकांचा आवाज. त्याबद्दल अजून लिहिणार नाही.

आता जे खरं सांगायचंय ते. १३ ला बडोद्यात उतरल्या उतरल्या cybercrime च्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. १५ ला पोलीस स्टेशनला गेले तर वासी उत्तरायण, म्हणजे उत्तरायणाचा दुसरा दिवस, साहेब नाहीत, उद्या या. १६ ला साहेबांनी पहिलं वाक्य काय बोलावं? "बेन, गीत सांभळवा छेक अबू धाबी गया?" म्हणजे, बाई, गाणी ऐकायला थेट अबू धाबीला गेलात? मी चोरी झाली सांगायला आले होते, मी कुठे जाते याचा हिशोब द्यायला नाही. मग म्हणे हा तुमचा आपसातला व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा. मग म्हणे गुन्हा अबू धाबीत घडला, आमची हद्द नाही. अहो, बहुतेक पैसे बडोद्यात बसून बडोद्याच्या खात्यातून गेलेत! आणि १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ मध्ये साफ लिहिलंय की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायचीच. हे मी रात्री वाचून, प्रिंट काढून चौथ्या चकरेला घेऊन गेले तेव्हा कुठे एफआयआर झाली. चार चकरा, तीन हाफ-डे. प्रिंट नसती नेली तर अजून चकरा मारत असते. ज्या म्हाताऱ्या माणसाचे पैसे जातात, ज्याला कलम वगैरे माहीत नाही, तो काय करत असेल?

बँक तर त्याहून वर. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. मग रिझर्व्ह बँकेचा तीन दिवसांचा नियम तुम्हाला लागू नाही, तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला आहे. बरं, नियम नसेल, पण ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला एक ईमेल तरी पाठवाल? त्याला १९ दिवस लागले. तोवर खातं रिकामं. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही, ती मी केली आहे. बँकेत कोणी हे सांगत नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन पहिल्या तासात करा, मी जो वेळ रडण्यात आणि त्या माणसाला विनवण्यात घालवला त्यात करायला हवा होता, पैसे पुढच्या खात्यात अडकवता येतात ते तेव्हाच.

तिकीट पीडीएफवर, स्क्रीनशॉटवर, स्क्रीन रेकॉर्डिंगवर घ्यायचं नाही. ज्या अधिकृत अ‍ॅपवर तिकिटं निघाली त्याच अ‍ॅपमधून तुमच्या अकाउंटला ट्रान्सफर झालं, तुमच्या लॉगिनमध्ये दिसलं, की मगच पैसे. समोरचा नको म्हणाला तर विषय संपला. आणि अशा वेळी क्रेडिट कार्ड वापरा, निदान वाद घालायला जागा राहते, यूपीआयने गेलेला पैसा गेला.

एका मैत्रिणीचे २२,२५० मी माझी एफडी मोडून परत दिले, ती नको नको म्हणत होती. बाकी दोघांचे हप्त्याने देते आहे. २६ जानेवारीला अहमदाबादचा शो हॉटस्टारवर लाइव्ह होता, मुलीने टीव्ही लावला, मी आत जाऊन बसले.

त्याचा नंबर बंद झाला नाहीये. गेल्या आठवड्यात भाचीने मला एका दुसऱ्या शोच्या तिकिटांचा मेसेज दाखवला, नाव वेगळं, डीपी वेगळा, पण तेच "दीदी", तीच दहा मिनिटं, आणि शेवटचे चार आकडे तेच. मी लगेच पोलिसांना कळवलं, दोन ओळींचं उत्तर पण आलं नाही. ऑक्टोबर ते जानेवारीत तुमच्यापैकी कोणाचे असे गेले असतील तर लाज बाळगू नका, चॅट डिलीट करू नका, स्वतःची वेगळी तक्रार टाका आणि पैसे कुठल्या खात्यात गेले ते त्यात लिहा. मी माझा तक्रार क्रमांक घेऊन दर सोमवारी स्टेशनला जाते, येत्या सोमवारी पण जाणार आहे.