एच अँड एन फिनाले मॅच: दहा मीटरच्या रायफलसाठी पेलेट, आणि घरी करायची निवड

दहा मीटर एअर रायफलचे पेलेट, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्या, काडतुसासारखे घरी भरायचे नसतात, निवडायचे असतात. जर्मनीच्या एच अँड एनचा 'फिनाले मॅच' हा सपाट डोक्याचा ४.५ मिमी पेलेट, रायफलसाठी वजन ०.५३ ग्रॅम, डब्यात ५००. साठ शॉटची मॅच आणि आधीचे साइटिंगचे, म्हणजे नेम जुळवायचे शॉट धरले तर एक डबा सहा वेळा पुरतो. सरावासाठी महाग, मॅचसाठी पैसे वसूल. पण डोक्याचा माप न बघता डबा उचललात तर ते पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

डोक्याच्या व्यासाचे माप लेबलवर मिमीमध्ये असते: ४.४९, ४.५० किंवा ४.५१. एक शतांश मिलिमीटरचा फरक नळीला कळतो, आणि तुमच्या नळीला कुठला माप रुचेल हे झाडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. 'सगळे ४.५० वापरतात' हा रेंजवरचा सल्ला ऐकू नका. तिन्ही मापांचा एकेक डबा मिळून घ्या, दोघा-तिघांत वाटून घेतला तर परवडतो.

रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवा. क्लॅम्प नसेल तर पालथे झोपून वाळूच्या पिशवीवर टेकवा. हवेच्या सिलिंडरचा दाब सगळ्या ग्रुपना (एकाच ठिकाणी झाडलेल्या शॉटच्या संचांना) सारखा ठेवा. पेलेट बदलला की आधीचे शिसे नळीत असते, म्हणून पहिले पाच ते दहा शॉट मोजायचे नाहीत. मग एका कागदावर एकाच ठिकाणी दहा शॉट. भोकाच्या बाहेरच्या कडांमधले सर्वात जास्त अंतर व्हर्नियरने मोजा. ते ७ मिमीच्या आत आले तर तो माप ठेवण्यासारखा आहे. शेवटी पहिला माप पुन्हा झाडा. पहिला आणि शेवटचा ग्रुप जुळला नाही, तर दोष पेलेटचा नाही, टेकणीचा आहे, आणि चाचणी पहिल्यापासून करावी लागेल.

माप ठरला की लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक, लिहून घ्या आणि त्याच लॉटचे मिळतील तेवढे डबे घ्या. तोच माप, दुसरा लॉट म्हणजे पुन्हा चाचणी. दुकानदार 'एकच आहे हो' म्हणाला तरी लेबल स्वतः वाचा.

आता वजन करण्याबद्दल. बरेच जण एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणून पाचशेच्या पाचशे तोलत बसतात. हिशोब करून बघा. साधारण १७२ मीटर प्रति सेकंद वेगाने दहा मीटरमध्ये पेलेट सुमारे १७ मिमी खाली येतो. वजनात ५ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम एक टक्का फरक पडला तर वेग अर्धा टक्का बदलतो आणि पडण्यात फरक येतो सुमारे ०.१७ मिमी. दशांश गुणाची (उदा. १०.३ वरून १०.४) एक पायरी ०.२५ मिमीची. म्हणजे एवढ्या तोलाने एक दशांशसुद्धा हाती लागत नाही. फार हलका किंवा फार जड पेलेट बाजूला काढायला काटा ठीक, त्यापुढे वेळ दवडू नका.

तो वेळ स्कर्टवर घाला. मागची पातळ कड म्हणजे स्कर्ट, हवेच्या दाबाने तीच नळीला चिकटते. डबा सुटा भरलेला असतो, वाटेत आदळला की कड चेपते. पेलेट उलटा धरून दिव्याखाली पाहा: कड गोल हवी. अंड्यासारखी दिसली किंवा बारीकशी खाच दिसली तर सरावाच्या डब्यात टाका. काचेच्या तुकड्याला थोडा उतार देऊन पेलेट आडवा सोडला तर तो स्कर्ट मोठा असल्याने वळत जातो. बाकीच्यांपेक्षा वेगळ्या वाटेने गेला किंवा अडखळला, तो बाद. चेपलेली कड पेनाच्या टोकाने सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका, शिसे परत गोल होत नाही.

मॅचचे निवडलेले पेलेट फोमच्या खाचांत ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी चढते, म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच. भुकटी आलेले पेलेट फुंकर मारून साफ करू नका, ती शिशाचीच असते. पेट्रोलने धुऊही नका, उघडे पडलेले शिसे लवकर काळवंडते. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा, त्याच टेबलावर चहा-वडा नको, आणि लहान मुलांच्या हाती डबा देऊ नका.

४.४९, ४.५० आणि ४.५१ असे तिन्ही माप मिळणे ही या पेलेटची खरी जमेची बाजू. लॉट जुळला की ग्रुप विश्वासाचा येतो. सुट्या डब्यामुळे निवडीला वेळ जातो, तेवढी तयारी ठेवून घ्या.