ई-पे पोर्टलवरून जामिनाची रक्कम: ठाणे-बेलापूरवाल्यांना कितपत उपयोगी?

'ऑनलाइन बेल बाँड' असं शोधलं की दहा टक्के फी घेऊन जामीन भरणाऱ्या अमेरिकी एजंटांच्या जाहिराती दिसतात. त्या सोडून द्या, आपल्याकडे तसा परवानाधारक धंदाच नाही. ई-कोर्ट्सच्या (न्यायालयांच्या सरकारी ऑनलाइन सेवेच्या) ई-पे पोर्टलवर भरता येते ती नुसती रक्कम. जातमुचलका (तारखेला हजर राहीन अशी आरोपीची लेखी हमी) आणि जामीनदाराचं हमीपत्र यांच्यासाठी कोर्टात जावंच लागतं.

म्हणून पोर्टल उघडण्याआधी आदेश शेवटपर्यंत वाचा. '१५,००० रुपयांचा वैयक्तिक जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार' असं असेल, तर भरायचं काहीच नाही. तो आकडा आरोपी तारखेला आला नाही तर वसूल होणारा. 'रोख जामीन' असं लिहिलं असेल तरच पैसे भरायचे. जामीनदार उभा करायला काही आठवडे देऊन तोवर रोख रकमेवर सोडायची पद्धत इथे रुळलेली आहे. बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९० मध्ये (जुन्या सीआरपीसीचं ४४५) बंधपत्राऐवजी, म्हणजे अशा लेखी हमीऐवजी, रोख ठेवायची मुभा आहे, फक्त चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राला ती चालत नाही.

पोर्टल तसं सुटसुटीत आहे. सीएनआर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) किंवा केस नंबर, कॅप्चा, पक्षकाराचं नाव, मोबाइल, ओटीपी, मग पेमेंट. गोंधळ होतो तो प्रकार निवडताना. कोर्ट फी हा पर्याय वरच दिसतो आणि घाईत तोच दाबला जातो. कोर्ट फी सरकारी महसुलात जाते, जामिनाची रक्कम म्हणून ती धरत नाहीत. परत मिळवायला वेगळा अर्ज आणि भरपूर चिकाटी. निवडायचं ज्युडिशियल डिपॉझिट, म्हणजे कोर्टात ठेवायची अनामत. त्या कोर्टात ही सोय चालू आहे का, हे नाझरांना (कोर्टातले पैशांचे व्यवहार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना) आधी विचारून घ्यावं. नाही म्हणाले तर त्यांच्याकडेच चलन करून रोख भरणं बरं.

दुसरी चूक सीएनआरची. तो १६ अक्षरी असतो, ठाणे जिल्ह्याचा एमएचटीएचने सुरू होतो. पण सत्र न्यायालयातल्या जामीन अर्जाचा सीएनआर वेगळा, खालच्या कोर्टातल्या खटल्याचा वेगळा. आदेशात 'जामीन खालच्या कोर्टात द्यावा' असं असताना अर्जाच्या नंबरवर पैसे भरले, की पावती एका कोर्टाची आणि सुटका दुसऱ्या कोर्टाच्या हातात. नवी मुंबईत आणखी एक फसगत आहे: पनवेल हे पोलीस आयुक्तालयाच्या हिशेबात नवी मुंबईत, पण कोर्ट रायगड जिल्ह्याचं. तिथली केस ठाणे जिल्ह्याच्या यादीत शोधून सापडणार नाही.

खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही, तर लगेच पुन्हा भरू नका. आधी पोर्टलवर व्यवहाराची स्थिती तपासा.

पैसे भरायचं साधन म्हणून पाचपैकी साडेतीन गुण. नाझरांच्या खिडकीपुढची रांग वाचते, एवढंच. पोर्टल रात्रीही चालतं, पण पावतीची खातरजमा आणि सुटकेचा आदेश कोर्टाच्या वेळेतच होतो. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी. आदेश ठाणे किंवा तळोजा कारागृहात संध्याकाळी बराकी बंद झाल्यावर पोचला, तर सुटका दुसऱ्या दिवशी. तेव्हा सकाळीच भरा.

जामीनदाराची तयारी त्याच दिवशी सुरू करावी: आधार, पॅन, फोटो, पगारपत्रक किंवा मालमत्ता कराची पावती, आणि मागितला तर तहसीलचा ऐपतीचा दाखला. याला वेळ लागतो आणि रोख जामिनाची मुदत तेवढ्यात सरते. कोर्टाबाहेर 'जामीनदार देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. याआधी किती जणांना जामीन राहिलो, हे बीएनएसएसच्या कलम ४८६ प्रमाणे जामीनदाराला लिहून द्यावं लागतं, आणि भाड्याचा माणूस तिथेच अडकतो.

खटला संपल्यावर रक्कम परत मागायला हीच पावती लागते. भाच्याच्या फोनवरून भरलं तरी भरणाऱ्याच्या रकान्यात ज्याचे पैसे आहेत त्याचंच नाव टाका, बँक पासबुकावर आहे अगदी तसं.