कुडाळजवळचा मातीकामाचा वर्ग: जरूर जा, पण कप करायला नको

मी शाळेत चित्रकला शिकवते. पणती, फुलदाणी आणि फोटो एवढ्यावर संपणारी शिबिरं पुष्कळ पाहिली. हा वर्ग तसा नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

शिकवणाऱ्या बाई मॉरिशसच्या. त्यांचे पूर्वज जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून उसाच्या मळ्यांवर गेलेले. शेडमध्ये शिरताच त्यांचं शिल्प दिसतं, सोळा पायऱ्यांचं. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर तिकडे जाऊ लागले. ते जिथे उतरत, त्या राजधानी पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटावर आजही तेवढ्याच, सोळा दगडी पायऱ्या आहेत. बाईंनी खालच्या आठ आपल्या तांबड्या मातीच्या केल्यात, वरच्या आठ पांढऱ्या स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त आचेवर भाजायच्या मातीच्या. दोन्ही माती सारख्या आक्रसत नाहीत, त्यामुळे मधल्या सांध्याला करंगळी जाईल एवढी चीर पडलीय. ती त्यांनी बुजवलेली नाही. हात लावून बघू देतात.

सांध्यावर त्यांचा सगळा भर. दोन्ही तुकडे सारखेच ओले हवेत, ओरखडे काढायचे, पातळ चिखल लावायचा, मग दाबून किंचित हलवायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाऊ देत नाहीत. मग काम देतात: घर सोडून गेलेल्या माणसाची एक वस्तू घडवा. माझ्या शेजारच्या आजींनी नवऱ्याचा डबा केला, ते मुंबईला गिरणीत होते. बाईंनी एवढंच विचारलं, "आजी, झाकण लावलेलं की उघडं?" आजींनी बराच वेळ विचार केला आणि झाकण काढून बाजूला ठेवलं. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं काम तेच.

दुपारी जेवताना बाई तिकडचं सांगतात. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, हे आमच्या मुलांना आधी खरंच वाटेना.

आता उणं. ग्लेझिंग, म्हणजे भांड्याला काचेसारखा चकचकीत थर देणं, अगदी घाईत उरकतं, त्याला निदान एक सकाळ हवी. भट्टी हजार अंशांच्या आसपासच ठेवतात, कारण त्याच्या फार वर आपली माती तग धरत नाही. त्यामुळे भांडं पाणी झिरपवतं. भट्टी भरल्याशिवाय लावत नाहीत, तेव्हा मुंबईकरांनी वस्तू घरी कशी पोचणार ते आधीच विचारून घ्यावं. पावसाळ्यात जाऊ नका, काम सुकत नाही आणि ओलं काम भट्टीत फुटतं. दिवाळीनंतर जा. चित्रकला शिक्षकांनी तर नक्कीच, आणि आपल्या गावची मूठभर माती सोबत न्या. बाई ती आनंदाने भाजून बघतात.