जुन्या एमएम ५४० च्या पुढच्या चाकांची घूंघूं: नवी बेरिंग, नवं ग्रीस, नवे सील, उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. टेपर बेरिंग अजून गुपचूप आहेत. लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीसनं सोलापूरचा मे आरामात काढला. सीलनं मात्र पहिल्याच पावसात मान टाकली. गाडी महिंद्राची एमएम ५४० जीप, पुढं फ्री व्हील हब, चारी बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), पार्टटाइम फोर बाय फोर. याच ढाच्याच्या बाकीच्या जुन्या जीपांनाही खालचं बहुतेक सगळं लागू पडतं.

चाकातून आवाज आला की मिस्त्री सरळ हब उघडायला घेतात. घाई करू देऊ नका. निदानालाच खरा वेळ द्यायचा असतो, बेरिंग बदलणं त्या मानानं सोपं. गाडी साठच्या वेगात आणा, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि वाहू द्या. इंजिन आयडलला आलं तरी घूंघूं तशीच राहिली आणि वेगाबरोबरच उतरत गेली, तर इंजिन आणि क्लच सुटले. अॅक्सिलरेटर दाबला की एक सूर, सोडला की दुसरा, असं असेल तर डिफरन्शियलचा पिनियन बघा. चाकांना हातही लावू नका.

यानंतरची चाचणी फक्त आपल्यासारख्या गाड्यांनाच करता येते, आणि लोक तीच विसरतात. दोन्ही हब ‘फ्री’वर ठेवले की पुढचा अॅक्सल शाफ्ट, त्याचे क्रॉस (शाफ्टचे वळणारे सांधे), पुढचं डिफरन्शियल आणि पुढचा जॉइंट शाफ्ट फिरायचेच थांबतात. फिरतात ते टायर, ड्रम आणि हबमधली बेरिंग. तेव्हा एकाच रस्त्यावर, एकाच वेगात, एकदा हब फ्री करून आणि एकदा लॉक करून चालवा. ट्रान्सफर केस दोन्ही वेळा टू व्हीललाच ठेवायचा. कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून आवाज ऐकायला गेलात तर गाडी अडकून ओढेल आणि भलतेच आवाज काढेल. फ्री केल्यावर आवाज गेला तर बेरिंगचे पैसे वाचले, क्रॉस तपासा. हळू वेगात चिकचिक असा कोरडा आवाज हे सुकलेल्या क्रॉसचं लक्षण. फ्री करूनही राहिला, तर हब, टायर किंवा ब्रेक.

टायरचा सूर रस्ता बदलला की बदलतो, बेरिंगचा बदलत नाही. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गाडी घ्या, लगेच कळतं. तळहात टायरवरून आडवा फिरवा. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट फिरवताना खरखरीत लागलं तर टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल, बिघडलेला आहे. तरी शंका उरली तर पुढचे टायर मागं टाका. आवाज त्यांच्याबरोबर मागं गेला की विषय संपला.

आपल्याकडचा एक खास प्रकार म्हणजे मंगळवेढ्याकडची काळी माती. पावसात शिवारातून आलेली गाडी तशीच उभी राहिली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल सुकून दगड होतो. मग ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक बेरिंग गेलं म्हणून गाडी गॅरेजला लावतात. आधी रिम आतून खरवडून धुवा.

कोणती बाजू, हे वळणावर कळतं. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, त्या वेळी आवाज वाढला तर बहुतेक उजवं. तुळजापूरच्या घाटात पाठोपाठ वळणं मिळतात, तिथं जाऊन ऐकावं. एवढ्यावर हब उघडू नये, कारण बॉडीतून आवाज फसवा येतो. मागच्या चाकांना उटी लावून पुढचा अॅक्सल घोडीवर घ्या. चाक हातानं फिरवा आणि दुसरा तळहात पाट्यावर ठेवा. बिघडलेल्या बेरिंगची खरखर कानाआधी हाताला लागते. मग चाक वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढील, लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेरिंगचा, राहिला तर किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं ती खुंटी). आडवं धरून हललं तर टाय रॉडचे एंड बघा. नुसता प्ले असलेलं टेपर बेरिंग पुष्कळदा आवाज करतच नाही. घूंघूं येते ती खड्डे पडलेल्या ट्रॅकमधून, म्हणजे रोलर ज्यावरून पळतात त्या पृष्ठभागातून.

लेझर थर्मामीटरचाही उपयोग झाला, पण आपल्या उन्हात नुसत्या आकड्याला अर्थ नाही. डावं आणि उजवं हब एकमेकांशी ताडून बघायचं, तेही ड्रमवर न मोजता हबच्या मधोमध, आणि थांबताना ब्रेक कमीत कमी वापरून.

हब उघडल्यावर जुनं बेरिंग टाकून देऊ नका, डिझेलमध्ये धुवून उन्हात बघा. कपमध्ये (बेरिंगच्या बाहेरच्या कड्यात) रोलरच्या अंतराअंतरानं काळपट रेघा म्हणजे पाणी शिरून गाडी उभी राहिली होती. निळसर छटा म्हणजे जास्त आवळलेलं किंवा कोरडं चाललेलं. पापुद्रे निघाले असतील तर वय झालं किंवा आत कचरा गेला. कारण न शोधता नवं बेरिंग टाकलं तर तेही त्याच वाटेनं जातं. हवेच्या प्रेशरनं बेरिंग गरगर फिरवून सुकवायची सवय मोडा. कोरड्या रोलरवर ओरखडे येतात, शिवाय पिंजरा सुटून हाताला लागू शकतो.

दुकानात गाडीचं नाव सांगण्यापेक्षा जुन्या बेरिंगवर कोरलेला नंबर दाखवा. जुन्या जीपच्या पुष्कळ हबांत १८५९० कोन (रोलरसकट आतलं कडं) आणि १८५२० कप, आत-बाहेर दोन्हीकडे तोच संच बसतो. आतला व्यास ४१.२७५ मिमी, बाहेरचा ७३.०२५. कोन आणि कप एकाच संचातले घ्या. नुसता कोन बदलून जुना कप ठेवणं म्हणजे काम पुन्हा करणं. नंबर पुसट किंवा शाईनं छापलेला असेल तर डबी कितीही चकचकीत असो, परत द्या.

कप हबात बोटानं ढकलून बसत असेल तर थांबा. हबचा बोअर झिजलाय आणि कप आत फिरतोय. अशा वेळी बोअरला पंच मारून टिंब उठवायची पद्धत आहे. काही दिवस धरतं, मग कप तिरका होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून स्लीव्ह टाकून घ्या किंवा हबच बदला. घट्ट बसणारा नवा कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर सहज जातो. पितळी ड्रिफ्टनं चारी बाजूंनी थोडं थोडं ठोका. पूर्ण बसला की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्दचा टणक होतो. तरी कपखाली फीलर गेज घालून बघा, ०.०५ मिमीचं पातंही शिरता कामा नये.

ग्रीस तळहातावर घेऊन कोनच्या रुंद बाजूनं दाबत राहायचं, रोलरमधून वरच्या बाजूनं बाहेर येईपर्यंत. हबच्या पोकळीत तिसरा हिस्सा ते निम्मं, त्यापेक्षा जास्त नको. ठासून भरलं तर घुसळून तापतं आणि सील ढकलून ड्रममध्ये जातं. अर्ध्या किलोचा डबा दोन्ही बाजूंना पुरून उरतो. स्वस्त कॅल्शियमचं चेसिस ग्रीस शंभर अंशांच्या आसपास वितळतं, लिथियम कॉम्प्लेक्स अडीचशेच्या वर. ब्रेकच्या शेजारी बसणाऱ्या बेरिंगला लिथियम कॉम्प्लेक्सच हवं. जुन्यात नवं मिसळू नका. स्पिंडलच्या (हब ज्यावर फिरतं त्या पोकळ नळीच्या) आतल्या बुशला बोटभर ग्रीस लावायला विसरू नका, तिथला कोरडा आवाज फक्त हब लॉक केल्यावर येतो आणि निदान पार चुकवतो. फ्री व्हील हबच्या यंत्रणेत मात्र नुसता पातळ हात. तिथं गच्च भरलं तर डायल फिरवूनही लॉक लागत नाही.

आवळणं हा सगळ्या कामाचा कणा. जुन्या अमेरिकन सीजे जीपची रीत अशी: हब फिरवत फिरवत आतला नट ५० फूट-पाउंडला, म्हणजे साधारण ६८ न्यूटन-मीटरला आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग एक षष्ठांश फेरा सैल करा. षटकोनी नटाची एक बाजू म्हणजे बरोबर तेवढंच. टॅब वॉशर घाला, बाहेरचा लॉक नट पुन्हा ५० ला. आता सगळेच चुकतात ते इथं: बाहेरचा नट आवळला की तो आतल्याला दाबतो, आट्यांमधली ढील जाते आणि ठेवलेला प्ले कमी होतो. म्हणून शेवटचं माप लॉक नट आवळून झाल्यावर घ्यायचं. डायल गेजवर ०.०२५ ते ०.१२५ मिमी मिळाला की टॅब वाकवा. छिन्नी-हातोड्यानं नट फिरवू देऊ नका. पातळ बॉक्स पाना मिळतो, तो घेऊन ठेवावा. छिन्नीचा कीस बेरिंगमध्येच पडतो.

नवे कप थोडे बसतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर प्ले पुन्हा बघितला. एका बाजूला किंचित वाढला होता, तेवढा काढला. त्यानंतर प्लेसाठी पाना लावावा लागला नाही.

आता सील. बेरिंगच्या किटबरोबर आलेला एका ओठाचा सील उन्हाळ्यात ठीक वाटला. पावसात सीनेचं पाणी ओलांडल्यावर उजव्या हबचं ग्रीस दुधाळ झालं. कारण सरळ आहे: तापलेलं हब पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाखालून पाणी ओढून घेते. त्यात स्पिंडलवर जुन्या सीलनं घासून खाच पाडलेली होती. नख फिरवलं की अडकतं. अशा खाचेवर कोणताही नवा सील गळणारच. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची तयार स्टीलची बाही स्पिंडलवर चढवली आणि दोन ओठांचा सील टाकला, तेव्हा पाणी थांबलं. ओठाची स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे. पाण्यात उतरण्याआधी हब दहा-पंधरा मिनिटं निवू देणं फुकटात होतं.

उसाच्या सीझनला रस्त्यावरचं पाचट आणि सुतळी ड्रममागं गुंडाळून सीलच्या ओठाखाली शिरते. चाक उतरवलं की पक्कडीनं ओढून काढा. हबला ब्लेड लावू नका, ओठ कापला जातो.

पुन्हा घ्यायचं झालं तर बेरिंग आणि ग्रीस तेच घेईन. किटमधला सील बाजूला ठेवून सुरुवातीलाच दोन ओठांचा आणि बाही. बेरिंगच्या मानानं किंमत किरकोळ आहे. टॅब वॉशर एकदा वाकवलेला पुन्हा वापरायचा नाही, तेव्हा दोन जादा घेऊन ठेवा. साठच्या पुढं अजून जो थोडा सूर येतो तो ऑल टेरेन टायरचा आहे, सिमेंटवर बदलतो.