घारापुरी की कान्हेरी?

कला आणि धर्म यावर प्रोजेक्ट लिहायचा असेल तर मुंबईतल्या विद्यार्थ्यापुढे या दोन लेण्यांची नावं हमखास येतात. घारापुरीला गेटवेवरून लाँचने तासभर. कान्हेरी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात. सोमवारी दोन्ही बंद.

घारापुरीत सगळं एका तीन मुखांच्या मूर्तीभोवती फिरतं. गाईड ब्रह्मा-विष्णू-महेश सांगून मोकळे होतात, पण अभ्यासक ही शिवाचीच रूपं मानतात. आपल्या डावीकडचं मुख उग्र, मिशीवालं, हातात नाग. उजवीकडचं कोमल, हातात कमळ. मधलं मात्र दोघांशी काही देणंघेणं नसल्यासारखं शांत. चांगलं-वाईट अशी सरळ वाटणी करणाऱ्या निबंधाची इथे पंचाईत होते, आणि ती व्हायलाच हवी.

कान्हेरीत शंभरावर लेणी, त्यातली बरीचशी भिक्खूंच्या साध्या खोल्या: बसायला दगडी ओटा, बाहेर पाण्याचं टाकं. तिसऱ्या लेण्यातले उंच बुद्ध सगळे बघतात. मी शिलालेखांपाशी थांबतो. ब्राह्मी लिपीत दानाच्या नोंदी आहेत, दात्यांमध्ये कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी. घरदार सोडलेल्यांची वस्ती व्यापाऱ्यांच्या पैशावर उभी राहिली, हा नीतीचा प्रश्न वर्गात फारसा कुणी काढत नाही.

शिल्पावर लिहायचं तर घारापुरी, वादच नाही. पण माझं मत कान्हेरीला, कारण तिथे श्रद्धेचा हिशेबही कोरून ठेवलाय. पावसाळ्यात गेलात तर चांगली पकड असलेले बूट घाला, पायऱ्या निसरड्या होतात.